बर्फातली जिवती

माणसाला ज्या ज्या गोष्टींची भीती वाटू शकते, त्या सगळ्यांना माझे थोरले दीर आधीच घाबरून बसलेले असतात. त्यामुळे घरातल्या बाकीच्यांना घाबरायचं काही कामच उरत नाही. कुत्रा, पाल, विजेचा कडकडाट या आपल्यासारख्यांच्या किरकोळ भित्या झाल्या. भाऊजी घाबरतात ते भिंतीतल्या ओलीला, खिडकीतून येणाऱ्या कोवळ्या उन्हाला, पाहुण्याच्या शिंकेला, उदबत्तीला, आणि जमिनीला. हो, जमिनीलाच. आता क्राइस्टचर्चमध्ये राहून जमिनीला घाबरणं यात नवल काही नाही, या गावातली जमीन चांगली हललेली आहे. पण बाकीचे लोक घाबरून झालं की चहा पितात. भाऊजींच्या घरी चहा प्यायचा तर आधी कपाटातल्या कपांची पट्टी सोडवावी लागते, कारण कप बांधून ठेवलेले असतात. बरं, नोकरी कसली, तर भूकंपात कुठली इमारत उभी राहील आणि कुठली बसेल हे तपासायची. म्हणजे या माणसाला घाबरण्याचा पगार मिळतो, आणि घरी येऊन तो ओव्हरटाइम करतो, तोही फुकट.

आम्ही इथल्याच हॉर्नबी उपनगरात त्यांच्यापासून दोन रस्ते सोडून राहतो. भाऊजी एकटेच. लग्न केलं नाही, त्यालाही भीतीच कारण असावी, पण कुणाची ते विचारायचं धाडस मला झालेलं नाही. त्यांचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "सगळं ठीक आहे ना?" आणि ते अशा सुरात की आपण खुर्ची ओढून बसावं आणि आठवायला लागावं की आपलं काय काय बिघडलंय. गाडी ते नेहमी उलटी लावतात, तोंड रस्त्याकडे, पळायची वेळ आली तर वळवण्यात वेळ जायला नको म्हणून. डिकीत एक आणीबाणीची पिशवी असते. त्यात टॉर्च, ब्लँकेट, पाण्याच्या बाटल्या आणि पातळ पोह्यांचा चिवडा. चिवडा खवट होऊ नये म्हणून ते तो सारखा बदलतात, आणि बदललेला जुना चिवडा आमच्याकडे येतो. न आलेल्या भूकंपांचा चिवडा आम्ही वर्षानुवर्षं खातोय. माझ्या लेकीला एका वाढदिवसाला त्यांनी शिट्टी दिली. तिला वाटलं खेळायला. ते म्हणाले, "ढिगाऱ्याखालून वाजवायची, दमानं, तीनदा." पोरगी त्या रात्री आमच्यात येऊन झोपली.

आता असा माणूस काही जमवायचंच म्हटलं तर काय जमवेल? पितळेची भांडी म्हणा, दगड म्हणा, पडलं-झडलं तरी काही होणार नाही असं काहीतरी. छे! भाऊजी कागद जमवतात. जपानी चित्रं, लाकडाच्या फळीवर कोरून, एकेका रंगाची वेगळी फळी करून, हाताने दाबून छापलेली. त्यातही डोंगर नकोत, लाटा नकोत, बायका नकोत. फक्त बर्फातली देवळं. एकदा ऑफिसच्या कामाला जपानला गेले होते, तिथे बर्फ पडायला लागल्यावर घसरण्याच्या भीतीने एका जुन्या दुकानात शिरले आणि बर्फ थांबेपर्यंत बाहेर पडले नाहीत. दुकानदाराने बिचाऱ्याने बसायला दिलं, समोर चित्रं ठेवली, आणि आमच्या भाऊजींचा निकाल लागला. तेव्हापासून ही चित्रं येतायत. उन्हाने उडतात, ओलीने डागाळतात, किडे खातात, हाताच्या घामाने पिवळी पडतात, आणि जगातल्या सगळ्यात भित्र्या माणसाने जीव लावला तो नेमका यांच्यावर.

ती बघायची म्हणजे एक सोहळाच असतो. आधी हात धुवायचे, साबणाने, कोपरापर्यंत. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून बाहेर ठेवायचं. ओढणी पाठीमागे बांधायची. पडदे ओढलेले, एकच मंद दिवा. मग भाऊजी रुंद, चपटा खण उघडणार, दोन्ही हातांनी चित्र उचलून टेबलावर ठेवणार, आणि आपण श्वास बाजूला सोडत बघायचं. बोलायचं नाही, कारण बोलताना थुंकी उडते. एकदा दूरच्या पापाटोएटो गावाहून माझ्या नवऱ्याचा मित्र आला होता, मोठा रसिक वगैरे. चित्र बघून तो भान विसरून "फार फार अप्रतिम!" म्हणाला. इतके फ आणि प एका दमात! भाऊजींनी चित्राच्या आणि त्याच्या मध्ये हातच आडवा घातला. नंतर त्याला मास्क देऊन दारात उभं केलं आणि उरलेली चित्रं त्याने उंबऱ्याबाहेरून पाहिली. "माणूस चांगला आहे," भाऊजी मला मागाहून म्हणाले, "पण ओला आहे."

मी एकदा विचारलं, की भाऊजी, तुम्ही साध्या गार वाऱ्याला भिता, मग हे बर्फाचं वेड कुठलं? त्यांनी खूप विचार केला. म्हणाले, "अगं, यात जे व्हायचं ते होऊन गेलंय. बर्फ पडायचा तो पडून झालाय. देऊळ उभं आहे. आता काही होणार नाही." आणि मग इंजिनियर जागा झाला आणि त्यांनी मला जपानी देवळांच्या छपराखालचे लाकडी सांधे समजावले, जमीन हलली की ते कसे हलतात आणि हलतात म्हणून कसे टिकतात, ते. त्यांचं लाडकं चित्र सगळ्यात वरच्या खणात असतं. लाल दरवाजाचं देऊळ, वर जाणाऱ्या पायऱ्या, बर्फाने भरलेलं छप्पर, आणि पायऱ्या चढणारी एक बाई. हातात छत्री, पाठीला बांधलेलं तान्हं मूल. बर्फ रंगवलेला नाही. भाऊजींनीच दाखवलं, तिथे कागद तसाच कोरा सोडलेला असतो, आपल्याला तो बर्फ दिसतो. मला त्या बाईची काळजी वाटली, एवढ्या थंडीत एवढ्याशा लेकराला घेऊन निघालेली. तसं म्हटल्यावर भाऊजी एकदम खूश झाले. म्हणाले, "मला रोज वाटते."

इथवर हसण्यासारखंच आहे. पण भाऊजींचं घर इथल्या जुन्या घरांसारखं, लाकडी, गारठ्याचं. घरात एकच खोली उबदार आणि कोरडी, कारण खोली गरम करणारा हीट पंप तिथे, ओल शोषणारं यंत्र तिथे, ओल मोजणारा काटाही तिथे. आणि त्या खोलीत राहतात चित्रं. भाऊजी झोपतात दक्षिणेकडच्या खोलीत, जिथे ऊन म्हणून येत नाही, सकाळी खिडकीच्या काचा पाण्याने थबथबलेल्या, कोपऱ्यात काळी बुरशी. डोक्याला लोकरी टोपी, पायात दोन मोजे, उराशी गरम पाण्याची पिशवी. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. चांगलाच झाला. हॉस्पिटलात भाऊजी नळ्या लावून पडले होते. सुटताना डॉक्टरीणबाईंनी भाऊजींना आणि मला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं, की उबदार, कोरड्या खोलीत झोपा. त्याच खोलीत दुसरा हिवाळा काढलात तर पुढचं मी सांगू शकत नाही. साऱ्या जगाला घाबरणाऱ्या या माणसाने ते ऐकून मान डोलावली, घरी आला आणि पुन्हा त्याच खोलीत झोपला. "माझ्या श्वासाची वाफ लागेल चित्रांना," हे कारण! माझ्या नवऱ्याने भांडून पाहिलं, मी रडून पाहिलं. दुसरा हीट पंप बसवू म्हटलं तर भिंतीला भोक पाडावं लागेल, त्याने भिंत कमजोर होईल. आमच्याकडे राहायला या म्हटलं तर रात्री भूकंप झाला तर चित्रांपाशी कोण. पुढचा हिवाळा आला, इथे तो जूनमध्ये येतो, पण मेमध्येच खोकला सुरू झाला, आणि फोन वाजला की आता माझ्याच छातीत धस्स व्हायला लागलं. घाबरण्याचं खातं पहिल्यांदाच आमच्या नावावर झालं होतं.

जूनमध्ये सासूबाई आल्या. ऐंशीला टेकलेल्या, गुडघे दुखतात, कोथरूडच्या फ्लॅटमधून भाजीलासुद्धा फारशा उतरत नाहीत, आणि ऐन थंडीत इकडे यायला निघाल्या. आम्ही उन्हाळ्यात या म्हणत होतो. त्या म्हणाल्या, "मी ऊन खायला नाही येत." विमानतळावर तपासणीवाली "किया ओरा", म्हणजे इथला नमस्कार, म्हणाली तर यांनी तिला वाकून नमस्कार केला आणि न विचारता सगळी बॅग उघडून दाखवली. सुकलेली फुलं आणि सुपाऱ्या जप्त झाल्या, हळदकुंकू तेवढं सुटलं. बाहेर भाऊजी मास्क लावून उभे. सासूबाईंनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, आणि मास्क खाली ओढून पुन्हा पाहिलं. "किती वाळलास रे," एवढंच म्हणाल्या.

राहायला त्या आमच्याकडे, पण सकाळी मी त्यांना भाऊजींच्या घरी सोडायची आणि संध्याकाळी आणायची. तिथे त्या स्वयंपाक करायच्या, काढे उकळायच्या, आणि दिवसभर एकच धोशा, "त्या खोलीत झोप." भाऊजी "बघू" म्हणायचे. आईला नाही म्हणायची त्यांची हिंमत नव्हती आणि हो म्हणायचीही नव्हती. त्यांनी आईला सोहळा करून लाडकं चित्र दाखवलं. सासूबाईंनी देवळाला हात जोडले, मग त्या बाईला जोडले. त्यानंतर या शहाण्या माणसाने काय करावं? खणाची किल्ली आईच्या हातात दिली आणि सांगितलं, "मी ऑफिसात असताना भूकंप झाला तर आधी हे चित्र घेऊन बाहेर पड." सासूबाई म्हणाल्या, "आणि मी?" "तू चित्राबरोबरच ना," भाऊजी म्हणाले. सासूबाईंनी किल्ली कमरेला खोचली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला हसू आवरेना.

जुलै संपत आला आणि श्रावण लागला. मुळात श्रावणाच्या आत परत जायचं ठरलं होतं, पण मुलाचा खोकला ऐकून सासूबाईंनी तिकीट पुढे ढकललं होतं. त्यामुळे जिवतीचा कागद त्यांनी आणला नव्हता. आमच्याकडे श्रावणात तो कागद भिंतीला चिकटवतात. जिवती, तिच्या मांडीवरची, भोवतीची लेकरं, बुध-बृहस्पती असं सगळं छापलेलं असतं. दर शुक्रवारी त्याची पूजा करून आई मुलांना ओवाळते, त्यांना आयुष्य मिळावं म्हणून. पापाटोएटोच्या भारतीय दुकानांतून फोनवर चौकशी केली, राख्या होत्या, उपवासाचं पीठ होतं, जिवती नव्हती. शेवटी मी ऑफिसच्या प्रिंटरवर काढून आणली, पण रंगाची शाई संपलेली, त्यामुळे काळी-पांढरी. सासूबाईंनी हातात घेतली आणि लगेच परत दिली. "हा काय कागद आहे का? कुणाच्या तरी दहाव्याला आल्यासारख्या दिसतायत सगळ्या."

पहिल्या शुक्रवारी मी घरून काम करत होते. दुपारी सासूबाईंचा फोन, "अगं, हळदीकुंकवाला ये. जिवती मांडलीय." मला वाटलं, मिळाला असेल कुठून कागद. पोचले तर घरभर पुरणाचा वास, आणि चित्रांच्या खोलीचं दार सताड उघडं. आत गेले आणि पायाखालची जमीन सरकली. त्या घरात असं म्हणायची चोरी, पण सरकली. भिंतीवर, पाटावर बसलं की बरोबर डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर, भाऊजींचं ते देवळाचं चित्र. कणकेची खळ करून, पाठीला सगळीकडे नीट फासून, डाग न पडता चिकटवलेलं. बाईच्या डोक्यावर हळदीकुंकू. एवढंसं तोंड, तिथे बोट कसं मावणार, त्यामुळे हळद छत्रीच्या बर्फावर पसरलेली. मुलाला वेगळं कुंकू. देवळाच्या छपरावरून कापसाचं वस्त्र, आणि मागच्या लॉनमधून खुडलेल्या दुर्वांची माळ. खाली समई. तीही पेटलेली.

"आई!" मी म्हटलं, "हे काय केलंत?"

"काय केलं? देऊळ आहे, बाई आहे, पाठीशी लेकरू आहे. आणखी काय लागतं जिवतीला?"

"अहो, पण हे भाऊजींचं चित्र आहे!"

"आणि भाऊजी कुणाचे आहेत?"

मी खळ ओली आहे तोवर कागद सोडवूया म्हणून पुढे झाले, तर त्यांनी माझं मनगटच धरलं. "हात लावायचा नाही. श्रावण संपेपर्यंत जिवती हलवत नाहीत." ऐंशीच्या बाईची पकड ती! तेवढ्यात बाहेर भाऊजींची गाडी आली. शुक्रवारी ते लवकर येतात. गाडी उलटी लावायला त्यांना वेळ लागतो, पुढे, मागे, पुन्हा पुढे, आणि तेवढा वेळ मी तिथे उभी राहून घामाघूम होत होते. मला खरंच वाटत होतं की या माणसाची छाती आधीच अशी, हे बघून तो इथेच कोसळेल.

भाऊजी दारात आले. चित्राकडे पाहिलं. टोपी काढली, परत घातली. तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी खोकला आला, असा की थांबेचना. वाकले, दाराची चौकट धरली, चेहरा काळानिळा. मी पाणी आणायला धावले. सासूबाई तबक घेऊन जागच्या हलल्या नाहीत. खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "बस पाटावर." आणि ते बसले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, टोपी घालून, मांडी घालून. सासूबाईंनी पुरणाचे दिवे लावून ओवाळायला घेतलं, तशी ज्योत कागदाजवळ येतेय हे पाहून भाऊजींनी दोन्ही हात पसरले आणि पाठीने चित्र झाकून बसले. आई ओवाळतेय आणि लेक दिव्याबरोबर डावी-उजवीकडे सरकतोय! वर धुराचा अलार्म किंचाळायला लागला. एरवी अलार्म वाजला की सगळ्यांच्या आधी अंगणात पोचणारे भाऊजी जागेवरून उठले नाहीत. मी खुर्चीवर चढून तो बंद केला.

आता हा माणूस ओरडणार, मी मनात म्हटलं. भाऊजी बारीक आवाजात म्हणाले, "आई, खळ कशाची?"

"कणकेची."

"मोरचूद घातलंस?"

"इथे कुठून आणू मोरचूद?"

"मग किडे येतील," भाऊजी म्हणाले. "आज रात्रीच येतील. कणीक म्हणजे त्यांना मेजवानी."

"मग बस राखत," सासूबाई म्हणाल्या आणि पुरण वाढायला निघून गेल्या.

भाऊजींनी त्या संध्याकाळी आपली गादी ओढत त्या खोलीत नेली. तोंडाला मास्क, पाठ चित्राकडे, म्हणजे श्वास उलट्या बाजूला जाईल, आणि उशाशी टॉर्च. असे ते झोपायला लागले. किडे काही आले नाहीत. आठवड्याभराने त्यांनी जाहीर केलं की मास्कमध्ये झोप लागत नाही, ओलीचा काटा वर चढतोय, तेव्हा ते आपल्या खोलीत परत चालले. सासूबाई वाल सोलत होत्या. म्हणाल्या, "जा की. श्रावण संपला की जिवती पाण्यात सोडायची असते. गावात एव्हन नदी आहे ना?"

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. "विसर्जन?"

"थंडी संपेपर्यंत या खोलीत झोपलास तर भिंतीवर राहील. नाहीतर अमावस्येला नदीत."

"आई, तू असं करणार नाहीस."

"भिंतीला लावीन असं तरी वाटलं होतं का तुला?"

भाऊजी तिथेच झोपले. पंधरवड्यात खोकला उतरला. मग रात्रीचा पार थांबला. ऑगस्टच्या शेवटी, इथे बाहेर हिमाच्या थराने गवत कडकडत असताना, भाऊजी आमच्याकडे जेवायला आले आणि एका दमात "सगळं ठीक आहे ना?" म्हणाले, मध्ये न खोकता. मी पटकन स्वयंपाकघरात गेले. तिथे सासूबाई ओट्याला टेकून डोळे पुसत होत्या. मी विचारलं, "आई, तुम्ही हे मुद्दाम केलंत ना?"

"मला काय कळतंय, म्हातारं माणूस मी," आधी हे उत्तर आलं. मग जरा वेळाने म्हणाल्या, "फोनवर तो 'बरा आहे' म्हणायचा आणि मध्येच गप्प व्हायचा. खोकला दाबायला. मला ऐकू यायचं गं. मग रात्र रात्र डोळा लागायचा नाही. माझ्या आधी जाईल अशी भीती वाटायची मला." आणि पदराने नाक पुसून, "कागद फाटला असता तर जन्मभर माझ्यावर रागावला असता. रागावून राहिला असता, पण राहिला असता. मला चाललं असतं."

सासूबाई परत गेल्यावर भाऊजींनी जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका बाईंना बोलावलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाल्या, खळ पाण्याने सुटेल, आम्हीही कणकेसारखीच वापरतो, पण ही हळद कोऱ्या कागदात शिरलीय. ती गेली तर उन्हानेच जाईल, आणि त्या उन्हाने दरवाजाचा लालही जाईल. तुम्ही ठरवा. भाऊजींनी त्यांना चहा दिला, पट्टी सोडवून, आणि परत पाठवलं. मला वाटलं, आता यांची झोप उडाली. पण ते चित्रासमोर बसून म्हणाले, "राहू दे गं. त्या बाईच्या हातात कुणी कंदील दिल्यासारखं दिसतंय." चित्र भिंतीवरच राहिलं आणि गादी त्याच्यासमोर.

यंदा सासूबाई आल्या नाहीत. आता येणारही नाहीत. डॉक्टरांनी विमानाला कायमचं नाही सांगितलंय. जिवतीच्या शुक्रवारी त्यांचा व्हिडिओ कॉल येणार म्हणून मी भाऊजींकडे गेले होते. मुलं गावात नसली की आया अक्षता चारी दिशांना टाकतात, म्हणजे ती जिथे असतील तिथे पोचतात. सासूबाई तबक घेऊन बाल्कनीत उभ्या होत्या. "अरे, तू कुठल्या दिशेला?" त्यांनी विचारलं. भाऊजींनी आधीच हिशेब करून ठेवला होता. "आग्नेय," ते म्हणाले, "पण किंचित पूर्वेकडे. समोरच्या पाण्याच्या टाकीच्या डाव्या बाजूला टाक. कठड्याला टेकून. वाकू नकोस फार." सासूबाईंनी टाकीच्या डावीकडे मूठ उघडली. हॉर्नबीत, त्या खोलीत, भाऊजींनी टोपी काढून डोकं वाकवलं, आणि बराच वेळ वर केलं नाही.

मग म्हणाले, "आई, नेटवर्क गेलं होतं. परत एकदा टाक ना."

सासूबाईंनी परत टाकल्या. नेटवर्क गेलं नव्हतं, मी शेजारीच उभी होते.